वेणीच्या टोकाची साक्ष

मी सिस्टीन बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. कुठल्याशा गोळीचं वाटतं ते, पण मी गोळी नाही, मी एक अमिनो आम्ल आहे. नावात आम्ल असलं तरी मी आजवर कुणाला भाजलेलं नाही. तुमच्या पापणीपासून पायाच्या नखापर्यंत मी जागोजाग बसलेलो असतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. घर नीट उभं असेपर्यंत भिंतीतल्या विटेची चौकशी कोण करतं?

आज मात्र माझी चौकशी चालली आहे. एका प्रयोगशाळेत, काचेच्या नळीच्या तळाशी, चार बोटं लांबीच्या केसांच्या झुबक्यात मी पडून आहे. समोर टेबलापाशी पांढऱ्या कोटातली एक बाई बसली आहे. तिच्या हाताशी एक बाटली आहे आणि तिच्यात खरंखुरं, भाजणारं आम्ल आहे. ते माझ्यावर पडलं की मी विरघळणार, आणि विरघळताना माझ्या मुठीत जे काही असेल ते एक यंत्र मोजून घेणार. हीच माझी साक्ष. तिच्यावर एका बाईचा जीव लटकला आहे. ही पांढऱ्या कोटातली आधीच्या नळ्यांवर चिठ्ठ्या डकवते आहे, तोवर मला सगळं सांगून टाकलं पाहिजे.

आम्ही वीस भावंडं. माणसाच्या, कोंबडीच्या, मुंगीच्या अंगात जेवढी म्हणून प्रथिनं आहेत ती जवळजवळ सगळी आम्हा विसांचीच. एकमेकांचे हात धरून आम्ही रांगेत उभे राहतो. शंभराची रांग, हजाराची रांग. ती रांग वळते, दुमडते, घडी घालून बसते, आणि तिचं काहीतरी होतं. कधी स्नायू, कधी रक्तात प्राणवायू वाहणारा हमाल, कधी पक्ष्याचं पीस, कधी हरणाचं खूर. विटा त्याच, घरं निराळी. कोण कुणाच्या शेजारी उभा आहे यावर सगळं अवलंबून. रांगेत एकच जण चुकीचा उभा राहिला तर धडधाकट आईबापांचं मूल जन्मभर दुखणाईत होऊ शकतं. त्यामुळे जागेच्या बाबतीत आम्ही फार काटेकोर.

भावंडांत माझी एक गोष्ट वेगळी आहे. माझ्या अंगात गंधकाचा एक अणू आहे, तो म्हणजे माझा तिसरा हात. दोन हात रांगेत गुंतलेले असले तरी हा मोकळाच असतो. त्याने मी पलीकडच्या रांगेतल्या दुसऱ्या सिस्टीनचा हात घट्ट धरतो. तुमचा केस ओढला तरी चटकन तुटत नाही आणि नख टणक असतं, ते आमच्या या धरण्यामुळे. केस जळला की नाक मुरडता ना, तो वासही बराचसा माझाच.

पण या मोकळ्या हाताला एक वाईट खोड आहे. भलं-बुरं न पाहता तो समोर येईल त्याला धरतो. पारा आला, धरला. सोमल आलं, धरलं. डॉक्टर लोक ज्याला आर्सेनिक म्हणतात ते हे सोमल. आणि केसात एकदा धरलं की सोडायचं नाव नाही. अंगातलं बाकीचं विष वाहून जातं, केसातलं तिथंच बसून राहतं. म्हणून तर माझ्यासारख्याला साक्षीला बोलावतात.

माझा जन्म एका रोपात झाला. रोपाने मातीतून गंधक ओढलं, बाकीचं हवापाण्यातून जमवलं आणि मला घडवलं. मग मी दाण्यात गेलो, दाणा कोंबडीने टिपला. तिच्या पोटात आमच्या रांगेचे तुकडे उडाले तेव्हा मला वाटलं, आपला कारभार आटोपला. पण तसं नव्हतं. रांग मोडते, आम्ही शाबूत राहतो. तुम्ही ज्याला खाणं म्हणता ती आमची नुसती बदली असते. कोंबडीने मला अंड्याच्या पांढऱ्या बलकात नेऊन बसवलं आणि तिथून माझी पुढची बदली झाली ती माझ्या मालकिणीकडे.

तिच्या लग्नाला तेव्हा आठ दिवस झाले होते. खिडक्यांना पडदे नव्हते, भांडी अजून खोक्यात होती. नवऱ्याला स्वयंपाकातलं एकच काम येत होतं, अंडं उकडणं, आणि तेही धड येत नव्हतं.

"अहो, कच्चं राहिलंय हे," ती म्हणाली.

"आता घड्याळ लावून बसू का अंड्यासमोर?"

"कामात तर सुईच्या टोकाएवढी चूक खपत नाही तुम्हाला."

"तिथले प्राणी बोलत नाहीत. तू बोलतेस."

दोघंही मोठ्याने हसली आणि तिने ते अर्धंकच्चं अंडं चाटूनपुसून खाल्लं. असा मी तिचा झालो. पोटातून रक्तात, रक्तातून डोक्याच्या कातडीखाली. तिथे केसाच्या मुळाशी मोहरीहून बारीक कंद असतो, त्याने मला रांगेत उभं केलं. शेजारच्या रांगेतून एक हात पुढे आला, तो मी धरला. तो हात अजून माझ्या हातात आहे.

केस वाढतो मुळाकडून. नवे येतात ते वर बसतात, जुने खाली ढकलले जातात. महिन्याला जेमतेम नखाएवढं अंतर. पाच वर्षांत मी तिच्या कमरेपर्यंत आलो, वेणीच्या अगदी टोकाला. एवढं कृपा करून ध्यानात घ्या. वेणीचं टोक म्हणजे पाच वर्षांपूर्वीचे दिवस आणि मूळ म्हणजे कालपरवाचे. मधल्या काळात तिच्या रक्तात जे जे आलं ते ज्या त्या जागी नोंदलेलं आहे. माझ्या जागी नोंद आहे ती अर्ध्याकच्च्या अंड्याची.

आता नवऱ्याबद्दल. मेलेल्या पशुपक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते जिवंत दिसतील असे उभे करायचे, हा त्याचा धंदा. लोक त्याला पेंढेबुवा म्हणायचे. घराच्या मागे अंगण, अंगणापलीकडे त्याचा कारखाना. तिथे काचेचे डोळे मापाप्रमाणे काड्यापेट्यांत लावलेले, तारांची भेंडोळी, सुतळी, लाकडी सांगाडे, आणि दोरीवर वाळत घातलेली कातडी. ससाण्याची पिसं, हरणाची खुरं, कोल्ह्याच्या मिशा. माझं निम्मं गणगोत तिथे खुंट्यांना लटकलेलं असायचं.

पेंढेबुवाचा शत्रू एकच, कसर. हा बारका किडा, त्याची अळी पिसं आणि केस खाते. आमचे एकमेकांत अडकलेले हात सोडवून आम्हाला पचवणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, पण तिला ते जमतं. तिच्यावर इलाज म्हणून त्याच्या गुरुजींनी त्याला सोमलाचा लेप शिकवला होता. साबण, खडूची पूड, कापूर आणि सोमल. कातडं सोलून उलटं केलं की आतल्या अंगाला तो लेप फासायचा. इतर कारागीर केव्हाच तो सोडून टाकणखाराच्या कमी विषारी पुडीवर आले होते. हाही येणार होता. पण दीड वर्षापूर्वी त्याने संग्रहालयाला दिलेलं एक हरीण कसर लागून परत आलं. चार लोकांसमोर ते उतरवून घेताना हरणाच्या पोटावरचे केस त्याच्या हातात आले. ते त्याच्या मनाला फार लागलं. त्या दिवसापासून त्याने लेपातलं सोमल दुप्पट केलं.

माणूस निष्काळजी होता असं मात्र कुणी म्हणू नये. लेपाचा डबा कुलपात. हात तीन वेळा धुतल्याशिवाय घरात येणं नाही. कारखान्यातला अंगरखा कारखान्यातच, कात्री कारखान्यातच. बायकोला तर त्याने उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. हाक मारायची असेल तर अंगणातून मारायची, असा दंडकच होता. त्याच्याइतकी काळजी घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. आणि तरी हे झालं.

झालं ते कोंड्यामुळे. लेप लावून झाला, कातडं भरून शिवलं, की पिसं आणि केस स्वच्छ करायला गव्हाचा कोंडा लागतो. मूठमूठ घेऊन वरून चोळायचा, तो सगळा ओशटपणा आणि मळ उचलून घेतो. वापरलेला कोंडा पेंढेबुवा फेकून देई. पुढे संग्रहालयाने चाळीस पक्षी मागितले आणि कोंडा पुरेना. पोत्यावर पोती संपायला लागली.

एका दुपारी तो अंगणात कोंडा उकिरड्याकडे नेत होता तेव्हा ती दारातून म्हणाली, "टाकता कशाला एवढा? चांगला तर दिसतोय."

"मळलाय. पिसं, धूळ, काय काय आहे त्यात."

"मग मी चाळून देते. धूळ खाली पडेल, पिसं वेचून काढीन. उद्या परत वापरा."

"अगं, सगळं नाकातोंडात जाईल तुझ्या."

"रुमाल बांधीन. तेवढीच माझी तुमच्या कामाला मदत. नाहीतरी मला तिथे फिरकू देत नाही तुम्ही."

तो क्षणभर घुटमळला. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि वेणी खांद्यावरून पुढे आली होती, त्यामुळे त्याचा चेहरा मला चांगला दिसला. तो हिशेब करत होता की लेप असतो कातड्याच्या आतल्या अंगाला आणि कोंडा चोळतो आपण बाहेरच्या अंगाला. दोघांची गाठ पडते कुठे? शिवणीतून पाझरलेला लेप पिसांवर येतो आणि तोच कोंड्याने पुसला जातो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. रोज स्वतःच्या हाताने पुसत होता, तरी नाही आलं. "बरं," तो म्हणाला, आणि त्याने पोतं तिच्या पायाशी ठेवलं.

त्या दिवसापासून रोज दुपारी ती मागच्या दारात वर्तमानपत्र अंथरून बसायची. केस डोक्यावर गुंडाळून वर रुमाल घट्ट बांधायची, त्यामुळे मी त्या वेळी आत अंधारात असे, नुसता आवाज ऐकत. चाळणीचा सरसर आवाज, मध्येच खोकला, मध्येच गुणगुणणं. ती खुशीत असायची. चाळणी स्वयंपाकघरातली, पिठाची. काम झालं की ती टेबलाच्या कडेवर दोनदा आपटायची आणि खुंटीला लावायची. पाण्याने धुतली तर जाळी गंजते, म्हणून धूत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चाळणीतून पाव भाजायचं पीठ. पाव खाणारी घरात ती एकटी. पेंढेबुवा भातावरचा माणूस, त्याला पाव सोसत नसे.

पहिले काही महिने काहीच दिसलं नाही. मग तिला सकाळी मळमळायला लागलं. शेजारणी हसून एकमेकींना कोपरं मारू लागल्या, पण गोड बातमी काही आली नाही. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. तळहातांवर मोहरीएवढ्या कडक गाठी उठल्या. मानेवर काळे-पांढरे ठिपके उमटले. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा आल्या. नखातही माझीच जात असते, त्यांनी आपल्या परीने लिहून दाखवलं होतं. ते वाचायला कुणी आलं नाही.

मुळाकडच्या बातम्या मला कळत होत्या. रात्री वेणी सोडली की वरचे केस माझ्या अंगावर येऊन पडत, तेव्हा नवे आलेले सांगत. अंगात शिरलेल्या सोमलाने जो दिसेल त्याचा मोकळा हात पकडायला सुरुवात केली होती. केसातला हात पकडला गेला तर फारसं बिघडत नाही, केस मेलेलाच असतो. पण आत, जिवंत पेशीत, माझेच भाऊबंद अन्नाची ऊर्जा करायच्या कामावर असतात. त्यांचे हात अडकले की काम ठप्प. ती जिना चढताना मध्येच बसायची ती त्यामुळे. मी हे सगळं ऐकायचो आणि टोकाला लोंबकळत राहायचो. मला जाम भीती वाटायची, आणि करता काहीच येत नव्हतं.

घरचे म्हातारे डॉक्टर आले. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाले, "अशक्तपणा आहे. प्रथिनं वाढवा. दूध, अंडी, घरचा ताजा पाव."

प्रथिनं वाढवा म्हणजे आम्हाला आणखी बोलवा. आम्ही आलो की! अंड्यातून आलो, दुधातून आलो. आणि पावातून आलो तेव्हा आमच्याबरोबर सोमलही आलं. ती उठेनाशी झाल्यावर पेंढेबुवा स्वतः पाव भाजायला शिकला. पहिला दगडासारखा झाला, दुसरा करपला, तिसरा बरा जमला. एकही जाड कण राहू नये म्हणून तो पीठ त्याच चाळणीतून दोनदा चाळायचा. दुधात बुडवून एकेक तुकडा तिला भरवायचा. एवढ्या मायेने कुणी कुणाला भरवताना मी पाहिलं नव्हतं, आणि तो घास तिच्या ओठांशी जाताना दर वेळी मला ओरडावंसं वाटायचं.

केस गळू लागले. सकाळी कंगव्यात मूठभर गुंता यायचा, मुळासकट. सगळं त्या मुळांत लिहिलेलं होतं. ती तो गुंता बोटाभोवती गुंडाळायची आणि पेंढेबुवा कचऱ्याच्या डब्यात टाकायचा.

गेल्या आठवड्यात तिची धाकटी बहीण आली. धाकटी तोंडाने फटकळ, पण डोळ्याने तेज. तिने ताईचा हात हातात घेतला, नखं पाहिली आणि उभी राहिली.

"भावजी, हा अशक्तपणा नाही. मी हिला मोठ्या दवाखान्यात नेते, आत्ताच्या आत्ता. तुम्ही येताय की नाही?"

"येतो ना. मी काय नको म्हणतोय?" तो म्हणाला. 

तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिने तळहात पाहिले, नखं पाहिली आणि सरळ विचारलं, "घरी धंदा काय चालतो?"

पेंढेबुवाने काही लपवलं नाही. सोमलाचं नाव घेतलं, डबा कुलपात असतो हे सांगितलं. "पण डॉक्टर, ही त्या कारखान्यात पाऊल टाकत नाही. वाटेल ती शपथ घालून विचारा."

"खरंय ते," माझी मालकीण म्हणाली. "मी कधीच गेलेली नाही."

कोंड्याची आठवण दोघांनाही झाली नाही. कोंडा म्हणजे त्यांच्या लेखी केरसुणीसारखी वस्तू. तिचं नाव डॉक्टरांपुढे काय घ्यायचं!

लघवीची तपासणी झाली. पण तीन आठवडे ती अंथरुणाला खिळलेली होती, चाळणं बंद होतं, पोटात अन्न ठरत नव्हतं. आकडा धड ना इकडे ना तिकडे असा आला. डॉक्टरीण विचारात पडली. शेवटी तिने धाकटीला आणि पेंढेबुवाला समोर बसवलं.

"केस तपासून घेऊ. केस खोटं बोलत नाहीत. सोमल निघालं तर यांना त्या घरात एक दिवसही ठेवायचं नाही, तुम्ही बहिणीला आपल्याकडे न्या, मी इंजेक्शनं सुरू करते. नाही निघालं तर कारण दुसरं आहे. मग घरी राहू दे, घरचं खाऊ दे, आपण शोधत राहू."

"आणि शोधायला वेळ लागला तर?" धाकटीने विचारलं.

"महिनाभर असंच चाललं तर यांचं हृदय तग धरणार नाही. म्हणून तर घाई करतेय."

"मी तर म्हणते आजच नेते मी ताईला."

"मी नाही जायची," माझी मालकीण म्हणाली. "आजारी पडले म्हणून घर टाकून जाऊ? कागदावर काही निघालं तर जाईन. उगाच नाही."

पेंढेबुवाचे डोळे भरून आले. "काही निघालं तर मी स्वतः तुला सोडायला येईन. आणि कारखान्याला टाळं लावीन. हे मी धाकटीसमोर सांगतोय."

नर्स कात्री घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "मी घरी कापून आणतो. माझा हात सवयीचा आहे."

"पेन्सिलीएवढा जाड झुबका हवा," डॉक्टरीण म्हणाली, आणखी काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात तिला पलीकडच्या खाटेवरून हाक आली. ती गेली ती परत आली नाही. कुठून कापायचे, हे सांगायचं राहून गेलं. त्यानेही विचारलं नाही. केस म्हणजे केस.

दुपारी घरी आल्यावर त्याने हात धुतले, मुद्दाम नवी कात्री काढली, तिला खुर्चीत बसवलं आणि वेणी सोडली. विरळ झाली होती, तरी कमरेपर्यंत होती. त्याने ती हळूहळू विंचरली.

"वरूनच कापा," ती म्हणाली. "नाहीतरी गळतायतच."

माझ्या सगळ्या रांगेला तेव्हा आशा वाटली. वरून म्हणजे मुळापासून. मुळातला एक केस जरी गेला असता तरी पुरे होतं.

"छे!" तो म्हणाला. "भादरल्यासारखं दिसेल. तू नको काळजी करू."

तीस वर्षं तो कातडी कापत आला होता. त्याच्या कामाचा पहिला धडाच हा, की कापायचं ते नजर जाणार नाही तिथे. पोटाखाली, पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी. पाहणाऱ्याला कापल्याची खूण दिसली की काम वाया गेलं. त्याच हाताने त्याने वेणीचं टोक चिमटीत धरलं, चार बोटं मोजली आणि एका सफाईदार कातरीत आम्हाला तोडून घेतलं. सवयीने एका बाजूला पांढरा दोराही बांधला, नीट दोन गाठी मारून. मग त्याने आरसा तिच्या पाठीमागे धरला.

"बघ. कळतंय का कुठे?"

तिने मान वळवून पाहिलं आणि किती दिवसांनी हसली. "नाही हो. काहीच नाही कळत."

"मग!" तो म्हणाला. कंगव्यातला गुंता त्याने उचलून डब्यात टाकला आणि आम्हाला कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

असा मी इथे आलो. सकाळी या पांढऱ्या कोटातल्या बाईने आम्हाला साबणाच्या पाण्यात घुसळलं, दुसऱ्या द्रावणात बुडवलं, वाळवलं, तोललं. बाहेरची धूळ मोजायची नसते, आतलं मोजायचं असतं. काम चोख आहे तिचं, त्यात मी खोट काढणार नाही. मग तिने अर्ज पुढे ओढला. त्यात एक रकाना आहे, "केस मुळाजवळून कापले आहेत का?" आणि तो रिकामा होता.

"अगं, इथे काहीच भरलेलं नाही," ती शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाली. "फोन करून विचारू का दवाखान्यात?"

"दोरा आहे का एका बाजूला?"

"आहे ना. काय सुंदर बांधलाय!"

"मग तीच मुळाची बाजू. सगळे तिकडेच बांधतात. कर खूण. अजून सोळा नळ्या व्हायच्यात."

तिने 'हो'पुढे खूण केली. मी पाहत होतो.

आता ती माझ्या नळीकडे वळली आहे. मला मरणाची भीती नाही. मी बदल्या सोसलेला माणूस आहे, नव्हे, माणूस नाही, पण तुम्हाला कळलं. माझा मोकळा हात पाच वर्षं माझ्या शेजाऱ्याच्या हातात आहे, त्यात सोमलाचा कण नाही आणि कधी नव्हता. मला विचारलं जाईल, सोमल आहे का? मी सांगणार, नाही. ते अगदी खरं आहे. उद्या तो कागद दवाखान्यात जाईल, आणि डॉक्टरीण म्हणेल, घरी राहू दे, घरचं खाऊ दे. धाकटी हिरमुसून परत जाईल. पेंढेबुवा देवाचे आभार मानेल.

बाई, तुमचे हात चांगले आहेत. एकदा थांबा. मला उजेडात धरा आणि या केसांचं टोक बघा, किती झिजलेलं आहे ते. मुळाचा केस असा असतो का? तो फोन उचला. एवढंच विचारा, हे केस कुठून कापले? तो माणूस खोटं बोलणार नाही. उलट अभिमानाने सांगेल.

तिने चष्मा सारखा केला. बाटलीचं बूच काढलं.

ताई, मी तुझ्या सुखाच्या दिवसांचा आहे. म्हणूनच मी तुझ्या काही कामाचा नाही.